बुढीची ना

आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, उभ्या जन्मात कोणाच्या होला हो लावलं नाही. मरणाच्या आदल्या दिवशीही नाही. गुरुवार होता, दुपारची वेळ. अंगणात आम्ही दोघं चिंचा फोडत बसलो होतो. मी दगडावर चिंच ठेवून मोगरीनं हाणायचो, ती टरफल काढून चिंचोका बाजूला करायची. मी म्हटलं, औंदा चिंच गोड आहे. ती म्हणाली, "गोड नाही, कमी आंबट हाये." मी म्हटलं, तेच ते झालं. "तेच ते कसं होईन?" यावर आमचा बराच वेळ गेला. शेवटी कंटाळून मी म्हटलं, हो बाई, कमी आंबट. तर चिंचेचं एक बुटूक तोंडात टाकून म्हणते कशी, "ही मातर गोड हाये." मग हात न थांबवता तिनं विचारलं, "काहो, मोटार सुकलालनं नेली हे तुमाले पयले कोन सांगतलं?" मी म्हटलं, "कोन म्हंजे? सारं गाव सांगून राह्यलं." तिनं पुढची चिंच सोलायला घेतली. शनिवारी मारुतीच्या पारावर बैठक होती, आणि शेजारच्या बागेच्या राखणदाराला, सुकलालला, बायकोपोरांसकट गावाबाहेर काढायचं की नाही ते तिथं ठरणार होतं. मोटार माझ्या विहिरीवरची. आणि तीन शनिवार झाले, गावाचं ठरत नव्हतं ते एकट्या माझ्या बायकोपायी.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. नीट मांडून लिहिता येत नाही, जसं आठवतं तसं सांगतो. पहिली गोष्ट, ती भांडखोर नव्हती. लोकांना वाटे की होती. आवाज चढवून बोललेली मी तिला कधी पाहिली नाही. फक्त दहा जण एका बाजूला मान हलवायला लागले की हिची मान आडवी हलायची, तीसुद्धा हळूच. जळगाव जामोदला एका लग्नात पंगत बसली होती. भाजीत मीठ नव्हतं. वाढणारा विचारत गेला, भाजी कशी झाली, आणि माणसं म्हणत गेली, फक्कड. मीही म्हटलं, फक्कड. बायांच्या पंगतीतून हिचा आवाज आला, "भाऊ, मीठ आना जरा. भाजीत टाकायचं राह्यलं." वधूपित्याचं तोंड उतरलं. मी मान खाली घातली. पण मीठ आलं आणि पाहतो तर दोन्ही पंगतींतले सगळे हात मिठासाठी पुढं. वधूपित्यानं स्वतः चिमूटभर घेतलं. घरी येताना मी म्हटलं, सगळे गप्प होते, तुलाच काय झालं होतं? ती म्हणाली, "सगळ्याइले अळणीच लागत होती. एकामेकाच्या तोंडाकडं पाहून गोड करून खात होते."

दुसरी गोष्ट एसटीची. जळगाव जामोदच्या स्टँडवर सोनाळ्याच्या गाडीची वाट पाहत होतो. एक गाडी लागली, पाटी नव्हती, पण सगळी माणसं तिच्यावर तुटून पडली. मीही घुसलो, रुमाल टाकून दोन जागा धरल्या, आणि खिडकीतून तिला हाका मारतोय, ये, ये. ती खाली उभी. "कंडक्टरले विचारलं का?" मी म्हटलं, एवढी माणसं चढली ती काय येडी आहेत? तिनं म्हटलं, "मी विचारून येते." ती विचारायला गेली आणि गाडी सुटली. गाडी नांदुऱ्याची होती. अर्ध्या गाडीला हे नांदुऱ्याजवळ कळलं. मी रात्री घरी पोचलो तर ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बरं, तिचं खरं आहे असं कबूल करून सुटका व्हावी, तर तेही नाही. एकदा मी सरळ म्हटलं, तू म्हणतेस तेच बरोबर. ती हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "काऊन बरोबर?" का बरोबर, ते मला सांगता येईना. ती म्हणाली, "मंग तुम्ही 'हो' नाही म्हटलं. तुम्ही नुसते थकले."

आता गावाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावात सगळ्यांचं मिळून काही ठरवायचं असलं की शनिवारी सकाळी पारावर बैठक बसते. दाजीबा सगळ्यात वडील, नारळ त्यांच्या हातात. ते विचारतात, कोनाची ना हाये का? सगळे गप्प राहिले की नारळ मारुतीपुढं फुटतो आणि ठरलं ते ठरलं. एकाचीही ना आली तर नारळ तसाच देवळातल्या कोनाड्यात ठेवतात आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बसतात. ही रीत कोणी घातली माहीत नाही, पण घालणाऱ्याला वाटलं असावं की ना म्हणायची कोणाची छाती होणार नाही. आणि आमची बुढी या घरात येईपर्यंत ती कोणाची झालीही नव्हती. सुरुवातीला बाईची ना धरायची की नाही यावरच वाद झाला. ती म्हणाली, "नाही धरली तरी चालते. पन मंग सगळ्या गावाचं ठरलं असं म्हनू नका. गड्याइचं ठरलं म्हना." दाजीबांना ते बोचलं आणि त्यांनी ना धरली. तेव्हापासून कोनाड्यात नारळ सडायला लागले. फोडल्यावर पाणी नासकं निघालं की पोरं म्हणत, हे बुढीचं नारळ होय.

पण तिचं एक होतं. ना म्हणून ती घरी बसत नसे. मारुतीच्या देवळाला ऑइलपेंट द्यायचा ठरला तेव्हा ती म्हणाली, चुना द्या, तेलाच्या रंगानं भिंतीचा दम कोंडतो. दोन शनिवार नारळ अडला. तिसऱ्या शनिवारी कोणी तिला दाखवलं की चुना पावसात उतरतो. तिनं ते ऐकून घेतलं, उठून म्हणाली, "माही ना वापस," आणि दुसऱ्या दिवशी रंगाच्या बादल्या वाहायला सगळ्यांच्या आधी हजर. पदराला भगवा रंग लागला तो कधी निघाला नाही. म्हणून लोक तिच्यावर चिडायचे, पण तिचा राग धरून बसणारं कोणी नव्हतं. निदान मोटार जाईपर्यंत.

हल्ली गावाचा मोबाइलवर ग्रुप आहे. काही टाकलं की खाली अंगठेच अंगठे. तिच्याजवळ फोन नव्हता. एकदा शेजारच्या सुनेनं तिला ते अंगठे दाखवले. हिनं माझा फोन घेतला, सुनेकडून आवाज भरायची कळ दाबून घेतली आणि बोलली, "मी बुढी बोलून राह्यली. यातला एकबी अंगठा माहा धरू नका." सगळ्या गावानं ते ऐकलं. पोरं अजून एकमेकांना ते ऐकवतात. मी मात्र परवापासून ते उघडून ऐकलेलं नाही.

माघात एका सकाळी विहिरीवर गेलो तर मोटार नाही. पाइप कापलेला, वायर लोंबत होती. गहू ओंब्यांवर आला होता आणि पाणी बंद. माझं डोकं फिरलं. तसाच गावात आलो, टपरीवर जरा टेकलो. दुपारपर्यंत साऱ्या गावाला माहीत झालं होतं की मोटार सुकलालनं नेली. सुकलाल म्हणजे माझ्या विहिरीला लागून संत्र्याची बाग आहे तिचा राखणदार. सातपुड्यातून उतरून आलेला, बागेच्या कोपऱ्यात झोपडी बांधून बायको आणि दोन पोरांसोबत राहतो. संध्याकाळपर्यंत तर मला माणसं येऊन सांगायला लागली. एक म्हणाला, त्याला मोटार खांद्यावर घेऊन जाताना पाहिलं म्हणतात. दुसरा म्हणाला, पहाडात नेऊन विकली म्हणतात. मला पटलं. एवढी माणसं सांगतात म्हटल्यावर पटणारच. मी बैठक मागितली.

पहिल्या शनिवारी पार भरला होता. सुकलाल खाली उकिडवा बसलेला. विचारलं तर एवढंच म्हणाला, "मी नाही नेली, मालक." लोक हसले. दाजीबांनी नारळ उचलला. ना हाये का? मागून ती उभी राहिली. माझ्या कानशिलात जाळ झाला. चाळीस वर्षं तिनं गावाला ना म्हटलं होतं, पण हे माझं काम होतं, माझी मोटार होती. दाजीबा म्हणाले, "बुढे, तुह्याच घरची चोरी हाये." ती म्हणाली, "म्हनूनच म्हनते. सुकलाल चोर नाही असं मी म्हनत नाही. मले मालूम नाही. तुमाले बी मालूम नाही. कोनी डोयानं पाह्यलं असन तर हात वर करा, मी बसते." हात वर झाला नाही. ज्याच्या त्याच्याकडे दुसऱ्याचं नाव होतं. नारळ कोनाड्यात गेला.

घरी आल्यावर मी नको ते बोललो. ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, ना मागं घे. ती म्हणाली, "मोटार तुमची होये. ना माही होये." आणि चूल पेटवायला बसली. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतंच बोलायला लागलो. गावाचंही तसंच. गिरणीत तिचं दळण मागं पडायला लागलं. नळावर ती आली की बाया गप्प व्हायच्या. एक जण मला तोंडावर म्हणाला, "काका, घरातली बाई आवरत नाही तुमाले, मोटार काय आवरन?" एका संध्याकाळी छपराच्या टिनावर दगड पडला. मी काठी घेऊन बाहेर गेलो, कोणी दिसलं नाही. आत येऊन पाहतो तर ती भाकरी थापत होती. तोंड भिंतीकडं होतं. "मांजर असन," म्हणाली. मांजर एवढा दगड उचलत नाही हे तिलाही माहीत होतं.

आणि रोज, रोज ती कोणाच्या ना कोणाच्या दारात. विरजण मागायला म्हणून जायची, आमच्या घरी दही असताना. विरजणाची वाटी हातात घेऊन एकच विचारायची, तू पाह्यलं का? नाही? मंग तुले कोन सांगतलं? त्यानं नाव सांगितलं की त्याच्या दारात. चिडून नाही, टोमणा नाही, जसं दळणाचा भाव विचारावा तसं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा लोकांनी तिला येडी म्हटलं. मग हट्टी म्हटलं. पण तीच बाई तेच विचारायला तिसऱ्यांदा दारात येऊन जाते, तेव्हा ती गेल्यावर माणूस दार लावून घेतो आणि जरा बसून राहतो. हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या शनिवारी काही जण बैठकीला आलेच नाहीत, कोणाला ताप आला, कोणाची गाय व्यायली. ज्यानं मला खांद्यावर मोटार पाहिल्याचं सांगितलं होतं तो म्हणाला, आपण तसं म्हटलंच नव्हतं, तसं म्हणतात एवढं म्हटलं होतं. तिसऱ्या शनिवारी दाजीबांनी विचारलं, सुकलाल जावा असं कोणाला वाटतं, तर अर्धे हात गुडघ्यावरच राहिले. पण तिच्यासारखं उठून ना कोणी म्हटलं नाही. ते हात वरही नव्हते आणि ना पण नव्हते. माझा हात वर होता.

चौथ्या शनिवारच्या आधीचा गुरुवार तो, चिंचांचा. जवळजवळ तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच आम्ही इतका वेळ जवळ बसलो होतो. शुक्रवारी पहाटे ती अंगण झाडायला उठली आणि झाडू हातात धरूनच ओट्यावर बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, बसली जरा." एवढंच. दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपलं होतं.

पोरगी साखरखेर्ड्याला दिलेली, ती येईपर्यंत थांबलो. दुपारी नेली. सगळं गाव आलं होतं, हे खोटं सांगणार नाही. ज्यांनी टिनावर दगड टाकला असेल तेही आले असतील. सुकलाल डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आला आणि रस्त्याच्या कडेला, लांब बाभळीखाली उभा राहिला. मोळी त्यानं खाली ठेवली. कोणीतरी पायानं ती बाजूला सारली. मी पाहिलं आणि मान फिरवली. परतताना माझ्या पुढं दोघं चालले होते. एक म्हणाला, "उद्याची बैठक पुढं ढकलतील आता." दुसरा म्हणाला, "कायले? आता ना म्हननारं कोन राह्यलं?"

सायंकाळी टपरीवाला भेटायला आला. त्यानं आणलेला चहा तसाच गार झाला. तो बराच वेळ चप्पल चाचपडत बसला. मग म्हणाला, "काका, बुढी माय माह्याकडं आली होती. आठ दिवस झाले. विचारत होती, सुकलालचं नाव तुले कोन सांगतलं."

मी म्हटलं, "मंग?"

"मंग काय. त्या सकाळी तुम्हीच त आले होते. चहा बी घेतला नाही. म्हटलं तुम्ही, बागेतल्या सुकलालशिवाय कोन नेईन. मी ते दुसऱ्याले सांगतलं."

मला आठवलं. मी म्हटलं होतं. रागात, तोंडाला आलं ते. ते टपरीवरून गिरणीवर गेलं, गिरणीवरून नळावर, नळावरून घराघरात, आणि संध्याकाळी माझ्याच दारात आलं तेव्हा मी त्याला साऱ्या गावाची साक्ष समजलो. टपरीवाल्याला विचारलं, ती काय म्हणाली? तो म्हणाला, "काही नाही. म्हने, आता हे कोनाले सांगू नको. त्यायचं ते सांगतीन."

आठ दिवस. आठ दिवस ती माझ्या पुढ्यात भाकरी वाढत होती आणि हे तिला माहीत होतं. मधल्या शनिवारी साऱ्या गावासमोर उभी राहून तिनं एका वाक्यात माझं तोंड बंद केलं असतं. केलं नाही. गुरुवारी चिंचा फोडताना फक्त विचारलं, आणि मी म्हटलं, सारं गाव सांगतं.

शनिवारी सकाळी मी आंघोळ करून टोपी घातली. पोरगी दारात आडवी आली. "बाबा, सुतक हाये. देवळाच्या पारावर जाऊ नका." मी म्हटलं, "चढत नाही. खाली उभा राह्यतो." ती म्हणाली, "मायच्या नावानं भांडायले चालले का?" मी म्हटलं, नाही. बैठक भरली होती. मला पाहून सगळे दचकले, कोणी म्हणालं, काका, तुम्ही कायले आले आज. मी पारापासून चार हात लांब, रस्त्यात उभा राहिलो. दाजीबांनी नारळ घेतला आणि नेहमीचं विचारलं. विचारता विचारता त्यांची नजर बायांच्या मागच्या रांगेत गेली आणि तिथंच थांबली.

मी म्हटलं, "माही ना हाये."

दाजीबांना वाटलं दुःखानं बोलतोय. म्हणाले, "तुम्ही घरी जा, बापू. हे तुमचंच काम चालू हाये."

मी म्हटलं, "माहं हाये म्हनूनच. सुकलालचं नाव पयले मी घेतलं. टपरीवर. मी काही पाह्यलं नव्हतं. तुम्ही सगळ्याईनं जे ऐकलं ते माह्याच तोंडचं होतं. मोटार कोन नेली मले मालूम नाही."

 कोणाच्या तरी खिशातला फोन वाजला आणि त्यानं तो न पाहता बंद केला. मग बायांतून गिरणीवाली म्हणाली, "माही बी ना हाये." तिच्या मागून आणखी एकीची आली. मग गड्यांतून एक, मान खाली घालूनच. मग मोजायला कोणी राहिलं नाही. दाजीबा नारळ हातात धरून सगळ्यांकडं पाहत होते. म्हणाले, "या साऱ्या ना इतके दिवस कुठं होत्या?" मग नारळ बाजूला ठेवून म्हणाले, "ज्याची मोटार त्याचीच ना, तं बैठक कायची? उठा." माणसं उठली. जाताना दोघा-तिघांनी माझ्याकडं पाहिलं, बाकीच्यांनी पाहिलं नाही.

पार मोकळा झाला तरी मी तिथंच उभा होतो, कारण मला चालता येत नव्हतं. दोन्ही गुडघे लटलट कापत होते. काठी आणली नव्हती. चाळीस वर्षं ती अशी उभी राहून घरी यायची आणि तडक चुलीपुढं बसायची, आणि मी पाटावर बसून म्हणायचो, झालं का समाधान गावाला अडवून? तिचेही पाय असे कापत असतील का, हे एकदा विचारायला पाहिजे होतं. ती नाही म्हणाली असती. ते खरं नसतं, पण मला ऐकायला मिळालं असतं.

पाय थांबले तसा मी घराकडं वळलो नाही. बागेच्या वाटेला लागलो. त्याचं नाव पहिलं मीच घेतलं हे सुकलालला सांगायचं होतं, आणि दुसऱ्या कोणाकडून त्याच्या कानावर जायच्या आत माझ्या तोंडून सांगायचं होतं.